आकडी आणि काठी

खालापूर-कर्जतकडे भाताची झोडणी उरकत आली की शेतकऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : यंदा मेंढरं बसवायची का? शहरातल्या वाचकाला हे 'बसवणं' उलगडून सांगायला हवं. पावसाळा संपला की फलटण, बारामतीसारख्या कोरड्या मुलखांतले धनगर आपले वाडे घेऊन घाट उतरतात आणि उन्हाळ्याअखेरपर्यंत कोकणात राहतात. वाडा म्हणजे दगडविटांची वास्तू नव्हे. माणसं, मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि रात्रीच्या जाळीचं कुंपण असं सगळं मिळून वाडा. रिकाम्या खाचरात रात्रभर मेंढरं दाटीवाटीनं बसतात, लेंडी आणि मूत जमिनीत मुरतं, आणि एक-दोन रात्रींनी वाडा पुढच्या खाचरात सरकतो. शेतकरी त्याबद्दल भात देतो. आता बहुतेक जण पैसेच देतात.

मराठी बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात नेमकं हेच क्रियापद आहे. मेंढपाळ झालेला देव भक्ताला कुरणात काय करतो, तर बसवतो. मूळ हिब्रू शब्द 'यर्बीत्सेनी'. जनावर पाय दुमडून, पोट टेकून, निवांत होऊन बसतं, त्याला तसं बसायला लावणं असा त्याचा अर्थ. भाषांतरकाराच्या डोळ्यांपुढे धनगरवाडा होता की नव्हता, कोण जाणे. पण शब्द असा पडला आहे की खालापूरच्या शेतकऱ्याला त्यावर भाष्य लागत नाही.

मला मात्र ते लागलं, कारण मी हे स्तोत्र भिंतीवर पाहत मोठी झाले. मराठी ख्रिस्ती घरांतून सर्रास दिसणारं चित्र आमच्याकडेही होतं : पायघोळ झगा, खांद्यावर कापसासारखं कोकरू, मागे गालिच्यासारखं गवत. अंत्यविधीला हेच स्तोत्र, आजारपणात हेच, परीक्षेला निघतानाही हेच. पाठ इतकं झालं होतं की कळायचं बंद झालं होतं. खरं सांगायचं तर मला ते अंगाईसारखं वाटायचं, आणि अंगाईचं वय सरल्यावर अंगाईचा थोडा रागही येतो. कर्जतला राहायला आले आणि एका डिसेंबरात खोपोलीच्या रस्त्याकडेच्या खाचरात पहिल्यांदा वाडा जवळून पाहिला, तेव्हा ते चित्र मनातून उतरलं. खरं मेंढरू काळं, मळकट, शेपटीला लेंड्या चिकटलेलं. आणि गालिचा तर कुठेच नव्हता. होती ती भाताची धसकटं, बांधावरचं सुकत चाललेलं गवत, आणि शेजारच्या खाचरात अंगच्या ओलीवर आलेला वाल, ज्यात मेंढरू शिरलं तर भांडण ठरलेलं.

यहूदियातली कुरणंही यापेक्षा फार श्रीमंत नसावीत. स्तोत्रातला 'देशे' हा शब्द पावसानंतर वर येणाऱ्या कोवळ्या गवताचा आहे. ते चार दिवस हिरवं असतं आणि उन्हं तापली की जातं. म्हणजे त्या वचनातली हिरवाई ही तिथे पसरून ठेवलेली गोष्ट नाही, ती शोधून काढावी लागते. कुठे, कधी, किती दिवस पुरेल हे ज्याला कळतं तो मेंढपाळ. पहिल्या वचनातला 'उणं' हा मराठी शब्दही मग वेगळा ऐकू येतो. भरपूर मिळेल असं वचन तिथे कोणी देत नाही. उणं पडणार नाही, एवढंच. हा हिशेब रोजच्या रोज जुळवणाऱ्या माणसाचा आहे.

पाण्याचंही तसंच. लोकर भिजून जड झालेलं मेंढरू ओढीच्या पाण्यात तोल सांभाळू शकत नाही, म्हणून त्याला पाणी पाजायचं तर जागा निवडावी लागते. आमच्या या दोन तालुक्यांत उन्हाळ्यात नदीला पाणी दिसतं त्यामागे टाटांची वीजघरं आहेत. खोपोलीचं 1915चं, भिवपुरीचं 1922चं. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून खाली कोसळतं, जनित्रं फिरवतं, आणि मग दमून पाताळगंगेत आणि पेज-उल्हासच्या पात्रांत येतं. घाटाखालच्या डोहावर पाणी पिणारी मेंढरं पाहताना मला हिब्रूतली 'विसाव्याची पाणी' ही शब्दजोडी आठवते. तिथलं पाणी नुसतं संथ नाही, ते विसावा देणारं आहे. इथलं तर स्वतःच कामावरून सुटून आलेलं.

आता स्तोत्राच्या बांधणीकडे. मथळा सोडला तर मूळ हिब्रूत या स्तोत्राचे शब्द पंचावन्न. मी बोटांवर मोजले आहेत, वाचकानंही मोजून पाहावेत. पहिले सव्वीस बाजूला काढा, शेवटचे सव्वीस बाजूला काढा, मध्ये तीन उरतात : 'की अत्ता इम्मादी'. कारण, तू, माझ्यासंगं. हिब्रूत अक्षरांना संख्या असतात आणि देवाच्या चार अक्षरी नावाची बेरीज सव्वीस भरते. कवीनं हे हेतुपुरस्सर केलं की नाही यावर वाद घालता येईल. मी घालणार नाही. एवढं मात्र दिसतं की तराजूचा काटा या तीन शब्दांवर उभा आहे.

आणि हे तीन शब्द येतात कुठे? दरीत. त्याच्या आधी देवाबद्दल 'तो' म्हणून बोलणं चाललं होतं. तो बसवतो, तो नेतो, तो जिवाला माघारी आणतो. कुरण, पाणी, वाट सगळं ठीक असताना देव तृतीयपुरुषी आहे. त्याच्याविषयी चार माणसांत सांगता येतं. दरीत अंधार दाटला आणि भाषा वळली : तू. इंग्रजीत हा बदल दिसतो, पण त्याची ऊब मराठीत जास्त लागते. आपण बापाला अहो-जाहो करतो आणि देवाला अरे-तुरे. जनाबाईपासून आजच्या ख्रिस्ती उपासनेपर्यंत मराठी भक्तीचं हे व्याकरण चालत आलं आहे. संकटात माणूस देवाशी सलगीनं बोलतो, हे स्तोत्रकर्त्यानं सांगितलेलं नाही. एका सर्वनामातून घडवून दाखवलं आहे. माझ्या मते अख्ख्या स्तोत्रातलं सर्वांत मोठं काम हेच, आणि ते इतकं गुपचूप झालं आहे की वर्षानुवर्षं म्हणणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही.

दरी आम्हाला शोधावी लागत नाही. खोपोलीवरून जुन्या महामार्गानं वर चढताना वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. कथा अशी सांगतात की इंग्रजांना बोरघाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली. कोणी म्हणतं रस्त्याची, कोणी म्हणतं रेल्वेची. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर त्यानं आपल्या मुलखाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि तिथेच त्याला गोळी घातली गेली. कागदोपत्री इतिहासात मोठी नावं दुसऱ्यांची आहेत. घाटातल्या लोहमार्गाचा अभियंता जेम्स बर्कली. 1859 मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन लवकरच वारला आणि काम पुरं करून घेतलं त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं. 1863 मध्ये गाडी घाट चढली, बोगदे पंचवीस. पण ट्रकवाले नाणं टाकतात ते शिंग्रोबापुढे. दंतकथा खरी की खोटी हा प्रश्न मला इथे दुय्यम वाटतो. लोकांनी ती कुणाच्या नावावर ठेवली आहे ते पाहावं. घाटाची नस मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसालाच ठाऊक असणार, हे त्यांनी धरून चाललेलं आहे.

स्तोत्रातही नीट वाटेचा शब्द 'मागाल' असा आहे. गोल, वळण या अर्थाच्या धातूशी त्याचं नातं. चाकांनी, खुरांनी पुन्हा पुन्हा जाऊन पडलेली, वळणं घेत जाणारी चाकोरी ती. देव नीतिमार्गानं नेतो असं वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे सरळ रेष येते. द्रुतगती मार्ग येतो म्हणा ना, खालापूरच्या टोलनाक्यापासून थेट वर. त्या मार्गावर मेंढरांना बंदी आहे. त्यांची वाट जुनी, वळणांची, आणि दरीही त्याच वाटेवर. मेंढरू चुकलं म्हणून दरीत गेलं असं स्तोत्र कुठेही म्हणत नाही. बरोबर वाटेनं नेता नेताच दरी लागते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो आणि मेंढरांसाठी प्राण देण्याची गोष्ट काढतो, तेव्हा त्याच्या समोर उभा केलेला दुसरा माणूस आहे 'मोलकरी', लांडगा दिसताच पळणारा. त्या दहाव्या अध्यायात मराठी शास्त्रानं 'मेंढवाडा' हा शब्द वापरला आहे. 'वाडा' आला की माझ्या मनात जाळी, घोडी आणि चुलीचा धूर येतो. येशू पुढे स्वतःला मेंढरांचं दार म्हणतो. जाळीच्या वाड्याला दार नसतंच. जिथून जाळी उघडते तिथे कुणीतरी माणूस घोंगडं पांघरून आडवा होतो. दार म्हणजे तो.

आता ज्या शब्दांसाठी हे सगळं लिहायला घेतलं ते दोन. दरीत धीर कशाचा, तर आकडी आणि काठीचा. हिब्रूतला 'शेवेत' हा सोटा आहे, लांडग्याच्या डोक्यात घालायचा. 'मिश्एनेत' म्हणजे अंग टेकायची काठी. मराठी भाषांतरात सोट्याच्या जागी आकडी आली. अभ्यासक याला ढिलेपणा म्हणतील. मला तो फायद्याचा वाटतो. आकडी म्हणजे लांब बांबू आणि टोकाला वाकडं पातं. तिनं मेंढपाळ उंचावरची फांदी खाली ओढतो, पाला पाडतो. मेंढराचं तोंड जिथे पोचत नाही तिथला घास त्याच्यापुढे येतो. मुळात शत्रूला मारण्याचं हत्यार होतं, मराठीत ते घास उतरवण्याचं झालं. आणि तेही ऐन अंधाऱ्या दरीत! भीतीच्या घडीला लक्षात राहतं ते मेंढपाळाचं बळ की त्याच्या हातचं खाणं? ज्यानं आजवर फांदी वाकवली त्याच्या हातात आकडी अजून आहे, तिचा बांबू जमिनीवर टेकल्याचा आवाज येतो आहे, एवढ्यानं मेंढरू चालत राहतं. 'त्सल्मावेत' या शब्दाचा अर्थ मृत्यूची छाया की नुसता गडद काळोख, यावर विद्वानांचं एकमत नाही. काळोख धरला तर आकडी दिसणारही नाही. ऐकूच येईल.

त्या डिसेंबरात मी वाड्यातल्या एका म्हातारीला शहाण्यासारखं विचारलं होतं, "आजी, मेंढरं किती आहेत?" तिनं माझ्याकडे न बघता चुलीत काटकी सारली. "मोजायची कशाला बाय? त्वांडानं वळखू येत्यात." नंतर कुणीतरी समजावलं, आकडा सांगितला की दृष्ट लागते. मला एकदम दावीद आठवला. जुन्या करारात हाच मेंढपाळ राजा होतो आणि प्रजेची शिरगणती करतो, आणि ती गणती पाप ठरून देशावर मरी येते. लहानपणी मला ते अन्यायाचं वाटायचं. मोजण्यात कसलं पाप? त्या चुलीपाशी निदान शंका तरी आली की तोंडानं ओळखणारा माणूस आकड्यानं ओळखायला लागला, हीच त्या गोष्टीतली पडझड असेल. (शंभरातलं एक हरवलेलं शोधायला नव्याण्णव रानात सोडून जाणारा लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ मात्र कोणत्याही धनगराला पटणार नाही. त्यांच्यामागे कोण थांबलं, हा त्याचा पहिला प्रश्न असेल. वाड्यात एकटं कुणी नसतं.)

देवाच्या मायेबद्दल बोलताना मराठी संतांना आई सुचते. विठ्ठल माउली होतो. बायबलला सारखा मेंढपाळ सुचतो, आणि मेंढपाळाची माया हळवी नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब सासऱ्याला, लाबानाला, वीस वर्षांचा हिशेब ऐकवतो, तो उतारा माझ्या लेखी स्तोत्राइतकाच मोलाचा आहे : दिवसाचं ऊन, रात्रीचं हीव, उडालेली झोप, जनावरानं फाडलेल्या मेंढराची भरपाई पदरची, आणि मजुरी दहादा बदललेली. आमोस तर स्वतः तकोवाचा मेंढपाळ. सिंहाच्या तोंडून मेंढपाळ दोन तंगड्या नाहीतर कानाचा तुकडा ओढून काढतो, असं तो लिहितो. तो तुकडा कशाला? मेंढरू चोरलं नाही, खाल्लं नाही, मी झगडलो, हे धन्याला दाखवायला. राखणीचं हे खरं रूप आहे. त्यात हार आहे, पुरावा आहे, उत्तर देण्याची बांधिलकी आहे. आपल्याकडे खंडोबा बाणाईच्या घरी चाकर म्हणून राहिला, तिची मेंढरं राखली, अशी कथा जागरणात गातात. देवाला या धंद्यात उतरवण्याची गरज जेजुरीलाही भासली. फरक एवढाच की खंडोबा बाणाईसाठी मेंढपाळ झाला. स्तोत्रातला देव मेंढरासाठी.

पाचव्या वचनात कुरण संपतं आणि एकदम मांडलेलं ताट येतं, माथ्यावर तेल, भरून वाहणारा प्याला. टीकाकार इथे अडखळतात. काही म्हणतात, दोन वेगळ्या प्रतिमा जोडल्या आहेत, आधी मेंढपाळ, मग यजमान. काही ओढूनताणून त्या ताटाचंही कुरण करतात, डोंगरमाथ्यावरचं सपाट चराऊ रान वगैरे. मला दोन्ही पटत नाही. वाड्याचा दिवस पाहिलेल्याला इथे सांधाच दिसणार नाही. सकाळी पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत एका बाजूनं जातात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून, पोरं आणि कोंबड्यांची डालगी वर बसवून, दुसऱ्या वाटेनं पुढच्या मुक्कामाला. संध्याकाळी मेंढरं पोचतात तेव्हा जाळी लागलेली असते, चूल पेटलेली असते, भाकरी थापली जात असते. राखण आणि वाढप हे एकाच वाड्याचे दिवस आणि रात्र आहेत. स्तोत्रात आकडी धरणारा आणि ताट वाढणारा एकच आहे, एवढंच वेगळं. म्हणजे देव दिवसा गड्याचं काम करतो आणि सांजेला बाईचं. हे वाचायला मला पन्नाशी यावी लागली.

शिवाय ते ताट शत्रूंच्या देखत मांडलेलं आहे. परमुलखात उतरलेल्या माणसाला याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. कर्जतला आता खाचरांच्या जागी फार्महाऊसं आहेत, भिंती आहेत, भिंतींवर तारा आहेत. वाडा थांबला की कुणीतरी येऊन किती दिवस, कुणाला विचारून, असं विचारून जातं. त्यांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी 'बसा, जेवा' म्हणणं ही केवढी गोष्ट आहे!

तेलाबद्दल एक आडवळण. आपल्या जिल्ह्यात हे स्तोत्र मूळ हिब्रूत म्हणणारी माणसं होती, अजूनही थोडी आहेत : पनवेल, पेण, अलिबागच्या सिनेगॉगांतले बेने इस्राएल. गावोगाव त्यांचा धंदा तेलघाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली. माथ्यावरचं तेल हे वचन रायगडात वाचणाऱ्याच्या हाताला तेलाचा वास असेल, ही कल्पना मला फार आवडते. आणि मराठी बायबलच्या भाषांतरकारांतली पंडिता रमाबाई! लहानपणापासून आईबापांबरोबर पायी तीर्थं करत हिंडलेली, दुष्काळात ते दोघेही उपासमारीनं गेलेले पाहिलेली. केडगावला बसून हिब्रू-ग्रीक शिकून तिनं आख्खं बायबल साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत आणलं. 1922 मध्ये ती गेली, ग्रंथ छापून आला 1924 मध्ये. उणं पडण्याच्या वचनापाशी तिची लेखणी किती वेळ थांबली असेल?

शेवटच्या वचनात चांगुलपण आणि दया मागोमाग येतात. हिब्रूतलं क्रियापद 'रादाफ', पाठलाग करणं, वैऱ्यानं करावा तसा. भाषांतरांत ते बहुतेक वेळा मवाळ होतं. कर्जतकरानं ते मवाळ होऊ देऊ नये. आमच्या स्टेशनात पुण्याकडची गाडी थांबते ती काही निव्वळ वडापावसाठी नव्हे. मागच्या टोकाला इंजिनं जोडतात. पुढे सदतिसाला एक असा चढ आहे, एकट्या पुढच्या इंजिनाला तो झेपत नाही. डब्यातल्या माणसाला ती जोडलेली दिसत नाहीत. एक हिसका बसतो फक्त, मागून.

आणि अगदी अखेरीस घर. परमेश्वराच्या घरी दीर्घकाळ राहण्याचं म्हणणं. तिथल्या हिब्रू क्रियापदात एक गंमत आहे. परंपरेनं जसे स्वर लावले आहेत तसं वाचलं तर 'राहीन' नव्हे, 'परतेन' असा अर्थ निघतो. भाषांतरांनी बहुधा राहणं पसंत केलं. मी परतणं ठेवते.

मे महिना सरत आला की वाडे परत वर निघतात. रात्री मेंढरं घाटात घातली म्हणजे वर्दळ कमी. एका पहाटे मी शिंग्रोबापाशी थांबले होते. आधी घोडी आली, डालग्यांसकट. मग मेंढरं, रस्त्याची एक बाजू धरून, त्यांच्या पुढे एक जण, मागे दोन, ट्रकचे दिवे अंगावर घेत. कळपाच्या मध्ये एक कोकरू होतं, खालापूरच्या खाचरात जन्मलेलं. घाटमाथा त्यानं कधी पाहिलेला नव्हता. बाकीची सगळी घरी परतत होती, आणि तेही त्यांच्यातच चाललं होतं, मान खाली घालून, आईच्या मागच्या पायाशी.